राजा, राणी आणि जगनची जीप

धप्प!

खाटेखाली राजानं मागचा पाय आपटला आणि सकाळपासून घरात दाटलेली शांतता मोडली. पाठोपाठ राणीनंही आपटला. मग दोघं एकमेकांवर अशी धावली, की मध्ये जाळी होती म्हणूनच कान शाबूत राहिले. पांढऱ्या केसांचा एक पुंजका उडत चुलीपर्यंत आला.

"टीना," नागलीची भाकरी थापता थापता करिष्मा म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, जाळी घट्ट बांधा."

बाबा हाताच्या अंतरावर बसून चहा पीत होते. तरी टीना उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, आई म्हणते जाळी घट्ट बांधा."

"आईला सांग, जाळी घट्टच हाय. डोकी सैल झालीत ती सशांची."

टीना परत आली. "आई, बाबा म्हणतात..."

"ऐकलं मी."

"असं नाय! मी सांगितल्यावर ऐकायचं."

पाच वर्षांच्या आयुष्यात टीनाला एवढं महत्त्वाचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

या अबोल्याचं मूळ ससेच होते. उमेश कल्याणला प्लास्टरच्या कामावर होता. येताना त्यानं लेकीसाठी सशांची जोडी आणली आणि "नर-मादी हायत, पारखून घेतलीत" असं साऱ्या पाड्याला सांगितलं. राजा आणि राणी अशी नावंही ठेवली. सगळे पिल्लांची वाट बघत असताना राणी आखाड्यात उतरल्यासारखी राजाच्या अंगावर जाऊ लागली. उमेश तेव्हा कामावर परत गेला होता. करिष्मानं दोघांना जव्हारच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "दोन्ही नरच आहेत. ऑपरेशन करून टाका, शांत होतील."

करिष्मानं नवऱ्याला न विचारता करून टाकलं. तेही एक वेळ निभावलं असतं. पण खोडाळ्याच्या बाजारात ती जगनला हसत हसत बोलून गेली, "आमच्या ह्यांनी राणी आणली, तिला फक्त दाढी यायची राहिलीय." जगन जीपवाला. त्याच्या कानात पडलेली गोष्ट प्रत्येक थांब्यावर उतरायची. उमेश सुट्टीवर घरी पोचायच्या आधी त्याच्या पारखीची कीर्ती पोचली होती.

आणि ससे? ते शांत व्हायचे सोडून जास्तच चवताळले. एकाचं ऑपरेशन आधी झालं, दुसऱ्याचं नंतर. अंगाला औषधाचा वास लागला आणि दोघं एकमेकांची ओळखच विसरले.

"टीना, आईला सांग," उमेश कप खाली ठेवत म्हणाला, "आज सांजेपर्यंत ह्यांचं जमलं नाय, तर एक ससा जगनला देणार. मागितलाय त्यानं."

"पाळायला?" टीनानं विचारलं.

उत्तर आलं ते ओट्यावरून, सासूबाई धोंडीबाईंकडून. "जगन कशाला पाळतोय! मसाला वाटून बसला आसंल तो."

टीनानं भोकाड पसरलं. करिष्मानं भाकरी तशीच तव्यावर टाकून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अनोळखी जागा हवी," बाई म्हणाल्या. "थोडी भीती वाटली पाहिजे आणि पळायला वाव नको. एका टोपलीत घालून गाडीतून फिरवून आणा. घाबरले की बिलगतील."

अनोळखी जागा, भीती आणि हलायला वाव नाही. करिष्मानं फार विचार केला नाही. अशी जागा अख्ख्या तालुक्यात एकच होती, जगनची जीप.

"टीना, आईला सांग, मी फक्त तुझ्यासाठी येतोय," असं म्हणत उमेशही निघाला.

जीप भरली होती, म्हणजे नेहमीपेक्षा चार माणसं जास्त होती. टीनाला पुढे पाड्यातल्या पुतळीमावशीच्या मांडीवर जागा मिळाली. करिष्मा आणि उमेश मागे खांद्याला खांदा घासत बसले. मांडीवर टोपली, टोपलीला फडकं, फडक्याखाली गुरगुर.

"टीना! आईला सांग, टोपली सरळ धर!"

"काय बाबा? ऐकू येत नाय!"

मग निरोप पुढे गेला, पुढून मागे आला आणि शेवटी समोरच्या म्हाताऱ्या जिवाबाबांनी तो करिष्माला पोचता केला. "पोरी, तुझा नवरा म्हनतो टोपली सरळ धर. तो बघ, तुझ्या बाजूलाच बसलाय." सगळी जीप हसली. करिष्मानं ओठ दाबून खिडकीबाहेर बघितलं.

घाटाच्या वळणावर म्हैस आडवी आली. जगननं ब्रेक मारला आणि टोपली उडाली.

"अगं धर!"

"अहो, तुमच्या पायाखाली!"

"हा राजा हाय! राणी कुठं गेली?"

"पुढं! तुम्ही वाका, मला वाकता येत नाय!"

"वाकू कुठं, जिवाबाबा बसलेत वर!"

तेवढ्यात पुढून जगनची किंकाळी आली. जीप थांबली. जगन दोन्ही पाय सीटवर घेऊन बसला होता आणि खाली राणी त्याच्या चपलेचा पट्टा कुरतडत होती. "अंगठा गेला माझा! काढा हिला!"

अंगठा जागेवरच होता, पण जगनची भूक गेली होती. "उमेशभाई, फुकट दिलास तरी नको," तो म्हणाला. "हे जनावर पातेल्यातून पन चावंल!"

राणीला टोपलीत परत ठेवलं, तेव्हा ती थरथरत सरळ राजाच्या पोटाशी शिरली. राजानं नाक हलवलं, जरा हुंगलं आणि मग हळूच तिचा कान चाटायला लागला. परतीच्या सगळ्या वाटेत फडक्याखालून आवाज आला नाही. टोपली दोघांच्या मांड्यांवर होती आणि ती धरायला चार हात होते.

घरी आल्यावर खाटेखालची जागा धुऊन काढली, जाळी उचलून ठेवली. एकाच पानकोबीवर दोन तोंडं चालू झाली.

"करिष्मा, च्या ठेव ना," उमेश म्हणाला.

"ठेवते. आणि ते दाढीचं... मी जगनपाशी बोलायला नको होतं."

"होती तशी दाढी," उमेश म्हणाला. "मीच नीट बघितलं नाय."

दोघं एकदम हसले.

टीना दोघांच्या मध्ये उभी होती. तिनं बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, निरोपाची वाट बघितली. कुणीच काही देईना. शेवटी तिनं आईचा पदर ओढला आणि रडवेल्या आवाजात विचारलं,

"आई, आता तुम्ही परत कधी भांडणार?"