काचेतलं खापर

सकाळी साडेनऊला प्रशील बैसाणे धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात पोचला आणि त्याला पहिला धक्का बसला. लोकसंस्कृती दालनाच्या दाराला कुलूपच नव्हतं. दुसरा धक्का आत गेल्यावर बसला. मधल्या काचेच्या पेटीत खापर नव्हतं.

खापर म्हणजे मातीचं मोठं, गोल बुडाचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर हातभर रुंदीचे मांडे, म्हणजे आमच्या खान्देशी पुरणपोळ्या, भाजायच्या. दालनाच्या छापील माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर त्याचा फोटो होता. आणि आजच अकरा वाजता अनुदान देणारी समिती ते बघायला येणार होती.

समिती खूश झाली तर दालन टिकणार होतं आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारा प्रशील दालनप्रमुख होणार होता. नाहीतर त्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढायची, हे संस्थेचे अध्यक्ष मदनलालशेठ यांनी केव्हाच ठरवलं होतं. त्यांनी सुताराकडून टेबलंसुद्धा करवून ठेवली होती.

प्रशीलने घाम पुसत इकडेतिकडे पाहिलं. पाटा-वरवंटा गेला होता. लाकडी काठवट गेली होती. चुलीची फुंकणी गेली होती. जागेवर नुसत्या पाट्या उभ्या होत्या. चोराने पितळी घंगाळाला बोटही लावलं नव्हतं, मणभर वजनाचा दगडी पाटा मात्र उचलून नेला होता. असा चोर प्रशीलने धुळ्यात काय, जळगावातही ऐकला नव्हता. त्याने शेठजींना फोन लावला.

"शेठजी, चोरी झाली!"

"अरे बापरे! काय गेलं?"

"खापर. आणि पाटा-वरवंटा."

"मिक्सर गेला असता तर समजलो असतो," शेठजी म्हणाले. "थांब, आलोच मी."

फोन ठेवताना प्रशीलला खिडकीतून धूर दिसला. दालनाच्या मागे, कडुलिंबाखाली. तो धावत मागे गेला आणि जागीच खिळला.

तीन विटांची चूल धडधडत होती. चुलीवर खापर होतं, काचेच्या पेटीतलंच. समोर काठवटीत कणीक मळलेली, पाट्यावर पुरण वाटलेलं, आणि या सगळ्याच्या मधोमध त्याची सख्खी मावशी कलाबाई फुंकणीने जाळ फुंकत होती. बाजूला पहारेकरी झुलालनाना पानात मांडा घेऊन बसले होते. त्यांच्या मिशीला तूप लागलं होतं.

"मावशी! हे काय करतेयस?"

"मांडा करी राह्यनू. बस. भूक लागेल शे ना?"

"नाना, तुम्ही कुलूप उघडलंत?"

"सर, ती बोलनी, खापर मन्हं शे," नानांनी घास गिळला. "पाटीवर तिन्हा घरवालानं नाव बी शे. मंग कसं नही म्हणू?"

नाव खरंच होतं. चार महिन्यांपूर्वी मावशी मुलीकडे पुण्याला गेली असताना प्रशील पारोळ्याकडच्या तिच्या गावी गेला होता आणि तिचे यजमान पितांबरकाकांनी खापर आनंदाने त्याच्या हवाली केलं होतं. वर "मन्हा आजाना आजानं शे" असंही सांगितलं होतं. मावशीला विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

"मावशी, ते प्रदर्शनातलं आहे गं!"

"परदर्शननं कसानं? चार महिना मी शेजारनी मरी जायेल सुपडाबाईनं खापर तिन्हा घरथीन मांगीसन काम चालाडं. परवा मोबाइलवर फोटो उना, तवय दिखनं, मन्हं खापर काचमा बसेल शे. आज देवपूरमाच साखरपुडा शे. शंभर मांडा सांगेल शेत."

"मग घेऊन जायचं होतंस! इथे चूल कशाला पेटवलीस?"

"चार महिना आग नही दिखाडी ते खापर तडकस. पहिले चार मांडा टाकीसन देखनं पडस. लोकेसना दारशी जाईसन फुटनं मंग?"

"आणि पाटा?"

"पुरण कसावर वाटू? तुन्हा डोकावर?"

प्रशीलने कपाळाला हात लावला. खापर फुटलं तर ते कोणाच्या माथी फुटणार, याबद्दल त्याला जराही शंका नव्हती. तेवढ्यात दालनाच्या बाजूने आरोळी आली, "आग! आग!"

मदनलालशेठ आग विझवायचं लाल नळकांडं छातीशी धरून पळत येत होते. आणि त्यांच्या मागून, ठरल्या वेळेच्या चांगला तासभर आधी, समितीच्या मोहिनीमॅडम.

"तो लाल डबा खाले ठेव, शेठ!" कलाबाई कडाडली. "पुरणमा फेस जाई!"

सबंध संस्थेत ज्यांना कोणी उलटून बोललं नव्हतं, त्या शेठजींनी डबा मुकाट्याने खाली ठेवला.

मोहिनीमॅडमच्या हातात माहितीपत्रक होतं. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "खान्देशातील लुप्त परंपरा. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे खापर. हेच का ते?"

"लुप्त म्हणजे काय रे?" कलाबाईने विचारलं.

प्रशील माहितीपत्रकाकडे बघत म्हणाला, "म्हणजे... संपलेली."

"संपेल? मंग मी कोण शे? भूत शे का? आनि दोनशे वरीस कोन्ही सांगं तुले?"

"काकांनी."

"त्याले काय माहीत? जलम गया त्याना, चुलापुढे बसना का कधी? जुनं खापर कवयच फुटनं. हाई तीन वरीस पहिले गावना कुंभारकडथीन लिधं मी."

प्रशीलला आता जमिनीने पोटात घ्यावं असं वाटू लागलं. चाळीस पानी शोधनिबंध, चार रंगांतलं माहितीपत्रक आणि तीन वर्षांचं खापर! शेठजी दोन पावलं बाजूला सरकले आणि फोनवर कुजबुजले, "हां, सुतार भाऊ? टेबलं पाठवून दे."

मोहिनीमॅडम मात्र खाली बसल्या. कलाबाईने कणकेचा गोळा पुरणासकट हातावर घेतला. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, तो बघता बघता ओढणीएवढा पसरला आणि अलगद खापरावर उतरला. मॅडमनी पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा घेतला.

"तुमच्या गावात अजून किती जणी करतात हे?" त्यांनी विचारलं.

कलाबाईचा हात थांबला.

"धा जनी व्हतूत आम्ही. एकेक करी गयात. मांगला साल सुपडाबाई गई." तिने जाळ पुढे सारला. "आते मीच शे."

"आणि मुलगी?"

"पोर पुण्याले शे. ती पार्सल मांगाडस."

झुलालनानांनीही खाणं थांबवलं. सकाळपासून प्रशीलला इतके धक्के बसले होते, पण हा सगळ्यात मोठा होता. त्याचं 'लुप्त' खोटं नव्हतं, थोडं घाईचं होतं. तो चार महिने भांडं पुसत बसला होता आणि मावशीला साधा एक प्रश्न विचारला नव्हता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तुम्हाला येतं का हे?" मॅडमनी त्याला विचारलं.

"मी यावर निबंध लिहिलाय."

"ते नाही विचारलं मी."

"बाह्या वर कर," कलाबाई म्हणाली. "हात धुई ये."

प्रशीलने गोळा हातावर घेतला. तो या हातावरून त्या हातावर गेला, मनगटाशी फाटला, अर्धा खापरावर पडला आणि अर्धा मदनलालशेठच्या बुटावर. खापरावरचा अर्धा काढेपर्यंत करपून काळा झाला.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. शेठजींनी ते प्रशीलच्या हातात दिलं. अनुदान मंजूर होतं, दालन राहणार होतं आणि टेबलं सुताराकडे परत गेली होती. प्रशीलने पुढची ओळ वाचली. दालनप्रमुख म्हणून समितीने श्रीमती कलाबाई यांचं नाव सुचवलं होतं. त्याने ती ओळ तीनदा वाचली. खाली लिहिलं होतं, "श्री. प्रशील बैसाणे यांनी अखंड मांडा करून दाखवल्यावर त्यांचा विचार व्हावा."

आता दर गुरुवारी कडुलिंबाखाली चूल पेटते. प्रशीलसह नऊ जण हातावर कणीक ओढत बसतात आणि झुलालनाना फाटलेले मांडे संपवायची जबाबदारी पार पाडतात. खापर काही पेटीत परत गेलेलं नाही, त्याला उसंतच नाही. पण पेटी रिकामी बरी दिसत नाही, म्हणून नव्या दालनप्रमुखांनी तिच्यात त्या दिवशीचा अर्धा करपलेला मांडा ठेवला आहे. खालची पाटी त्यांनी सांगितली आणि प्रशीलने स्वतःच्या हाताने लिहिली:

"प्रशीलना पहिला मांडा. पोऱ्या शिकी राह्यना."