अबोलीचा वास

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वाघमारे सर निवृत्त झाले आणि परभणीतलं सरकारी घर सोडून वालूरला, आपल्या गावी गेले. तेव्हापासून आमच्या घरांच्या ओळीत कोणी कोणाच्या नाकाखाली फूल धरलेलं नाही.

सर आमचे शेजारी. नोकरी कापसावरच्या संशोधनाची. घरी मात्र व्हरांडाभर अबोली. अबोलीला वास नसतो. सरांना तिच्यात मोगऱ्याचा वास आणायचा होता. नवं रोप फुललं की पहिलं फूल घेऊन ते दारोदार फिरत, कारण स्वतःचं नाक तपकिरीनं कामातून गेलेलं.

“डोळे मिटा. वास घ्या. खरं सांगा. दयामाया नको.”

रीत ते कोणालाही समजावत. “एका झाडाचा गुण दुसऱ्यात घालायला परदेशात बंदूक हाय. धातूच्या बारीक कणांवर जीन चिकटवून पानात मारतात. एक जिवाणूबी हाय, पोस्टमनसारखा जीन आत नेऊन टाकतो. पण पोस्टमनला पाकीट तर द्यावं लागंल! वासाचा जीन कुणाला घावलाय? म्हणून आपण मोगऱ्याचा सगळाच डीएनए काढायचा. अबोलीच्या फुलात परागाची नळी उतरली की त्याच वाटेनं थेंब सोडायचा. आपल्याकडं ड्रॉपर!”

अबोलीची सुकी बोंडं पाणी लागताच तडकतात, बी लांब उडतं. म्हणून झाडांवर मच्छरदाणी. सर स्वतः डास मारत झोपत.

लोक सुटका म्हणून “येतो” म्हणत. “कसला?” विचारलं की गुलाबाचा सांगत. नामांतराच्या एका बंदात बंदोबस्तावरच्या पोलीस जमादारानं सरांना कोपऱ्यावर अडवलं. सरांनी फूल पुढं केलं. जमादारानं खरंच डोळे मिटले. “न्हाई ओ वास. जा घरी.” सर समाधानानं परतले.

पूर्ण भरवसा फक्त माझ्या आईवर. ती दर वेळी म्हणायची, “न्हाई ओ सर.”

अबोली माळायची ती सरांची बायको, सुमनबाई. “रंग लय चांगला हाय. एवढं शिकलात, वास तेवढा आणा की,” असं ती आईसमोर म्हणाली होती. पहिलं रोप फुलायच्या आधी ती वारली. सर हे सांगत नसत. मला आईनं सांगितलं.

निघायच्या सकाळी टेम्पोत सामान चढलं होतं. शेवटचं रोप फुललं होतं. वालूरला प्रयोगशाळा नव्हती. सरांनी फूल आईपुढं धरलं.

आईनं डोळे मिटले. या वेळी तिला वेळ लागला.

“येतो, सर.”

“कसला?”

“मोगऱ्याचा. बारीक हाय, पण हाय.”

सर तिच्याकडं पाहत राहिले. “दयामाया नको म्हणलो होतो, ताई.”

सरांनी झाडांवरची सगळी फुलं खुडून तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं दारातच बसून गजरा केला.

टेम्पो निघाला तेव्हा सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर सुमनबाईंचा फोटो होता, फोटोवर गजरा. सर खाली वाकून त्याचा वास घेत होते.