शेंदूर पुसणारे सटवामामा

१८ मार्च १९७५. सकाळी मी अंगणात ज्वारी चाळत बसले होते. नवी ज्वारी घरात आली होती. कडुनिंबाचा पाला घालून डबे भरायचे तर आधी चाळायला हवी, आणि शाळेवर शिकवायला जायची बस साडेनवाची. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"बाई, चमचाभर राकेल द्या."

"कशाला?"

"शेंदूर पुसायचाय."

राकेल रेशनवर मोजून मिळायचं, ते काही नदीला वाहत येत नव्हतं. पण सटवामामांना नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर ते हुज्जत घालत नसत, तिथंच उभे राहत. पूर्णेला रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून आलेला माणूस. गाडी पुढं जाईपर्यंत बाजूला उभं राहायची त्यांना जन्माची सवय. मीच उठले आणि त्यांच्या हातातल्या चिंधीवर राकेल ओतलं. त्यांनी ती चिंधी घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवली आणि फाट्याच्या दिशेनं निघाले. चालायचेसुद्धा रुळांतल्या फळ्यांवरून चालल्यासारखे, एक टांग लांब, एक आखूड.

आमचं गाव ताडकळसच्या बाजाराला जाणारं, लहानसं. गावात सगळ्यांना आपापला धंदा होता आणि मामांना पिंपळ होता. पिंपळ हे झाड मोठं आगाऊ. कावळ्यानं फळ खाल्लं आणि भिंतीवर बसला, की पुढच्या पावसाळ्यात भिंतीतून दोन पानं बाहेर. आमच्याकडची घरं दगड-मातीची, वर माळवद. पिंपळ उपटला नाही तर भिंत फुटते, उपटला तर निर्वंश होतो, अशी लोकांची समजूत. अशा वेळी एखादा असा माणूस लागतो, की त्याचा निर्वंश झाला तरी आपलं काही जात नाही. गावानं तो आमच्या बौद्धवाड्यात शोधून ठेवला होता.

बोलावणं आलं की मामा पहार खांद्यावर टाकून हजर. आधी रूळ तपासावा तशी भिंत ठोकत, कान लावत. मग म्हणत, "पाप तुमचं, पहार माझी." आणि रोप असं अलगद मुळासकट काढत, की पापाला धरायला काही उरू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून ते घेऊन जात आणि कुठंतरी लावून टाकत. "बुद्धाला जिथं बोध झाला ते झाड. भिंतीत जन्माला आलं ह्यात त्याची काय चूक?"

दीक्षेनंतर वाड्यातल्या बऱ्याच जणांनी नावं बदलली. सटवाईवरून पडलेलं नाव आता तुम्हीही बदला, असं तरुण मंडळींनी मामांना सुचवलं. मामांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बदललं असतं. पन मग पिंपळ वळखंल का मला?"

शेंदराचं वेड मात्र नंतरचं. त्यांनी लावलेला पहिला पिंपळ गावविहिरीजवळ होता. तो डोक्याइतका झाला, तशी कोणीतरी त्याच्या बुंध्याला शेंदराची दोन बोटं ओढली. मग एक गोटा आला, मग दोरे गुंडाळले गेले. झाडात मुंजोबा आहे असं कळलं. पार बांधला गेला. पार वाळला त्या दिवशी मामा सहज जाऊन टेकले, तर एकानं अगदी गोडीनं सांगितलं, "सटवा, जरा लांब बस बाबा. देवाची जागा हाय." ज्यानं झाड लावलं, तोच लांब. मलाही एकदा तिथून उठवलं. "तुमी शिकलेल्या, तुमाला सांगायला नको," असं म्हणून उठवलं. शिक्षणाचा हा उपयोग मला तोवर माहीत नव्हता.

तेव्हापासून मामांच्या खिशात चिंधी आली. रोज सकाळी आपल्या झाडांवरून फेरी. शेंदूर दिसला की पुसायचा. "ताजा असतो तंवर निघतो. एकदा देव मुरला की बिलकूल निघत न्हाई." कोणी हटकलं तर एकच वाक्य, "झाडाला झाड राहू द्या."

एकदा आरोग्य खात्याच्या माणसानं फाट्यावरच्या पिंपळावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला. मामांनी लांबून लाल पाहिलं आणि रंग वाळायच्या आत साफ केला. तो माणूस चिडून वाड्यात आला.

"मामा, तो सरकारी त्रिकोण होता!"

"आज तिरकोन, उद्या नारळ," मामा म्हणाले. "मला समदं ठावं हाय."

"अहो, त्रिकोणाला कोण नारळ फोडतं?"

"तुमाला आमचं गाव ठावं न्हाई."

त्या माणसानं पुढचा त्रिकोण मामांच्याच दारावर काढला. तो त्यांनी राहू दिला. म्हणाले, दार हाय, झाड न्हाई.

फाट्यावरच्या त्या पिंपळाचं सांगायला हवं. मी सासरी आले तेव्हा फाटा म्हणजे नुसता माळ होता. बैलगाडीची चाकोरी, बाभळी, आणि उन्हाळ्यात उठणारी वावटळ. तिथं मामांनी हा पिंपळ आणून लावला. मग दुष्काळाची कामं निघाली. बायांनी खडी फोडली, रस्ता झाला, एस्टी आली. आता फाट्यावर चहाची टपरी आहे आणि टपरीवर रेडिओ. पूर्वी लोक आभाळाकडं बघून पावसाचं बोलत, आता रेडिओ ऐकून बोलतात. पाऊस दोघांचंही ऐकत नाही. खडी फोडणाऱ्या बाया दुपारी भाकर खायला त्याच पिंपळाखाली बसायच्या, सगळ्या आळ्यांच्या. दगड फोडून हात सोललेले असले की शेजारी कोण बसलंय ते विचारायचं त्राण नसतं. ती सवय राहून गेली. रस्ता झाला तरी बसची वाट बघत सगळे तिथंच बसायचे. गावाशेजारी एवढी एकच सावली होती, जिथून कोणी कोणाला उठवत नव्हतं.

तर त्या सकाळी मामा चिंधी घेऊन गेले ते तिथंच. ज्वारी तशीच झाकून मीही मागून फाट्यावर पोचले, आणि पाहते तर मामा झाडापुढं उभे, आणि झाडापुढंच खाली बसलेली कावेराबाई पाटलीण. गावातलं मोठं घर, मोठं शेत आणि त्याहून मोठा आवाज. तिच्या बोटांना शेंदूर होता. बुंध्यावर ओला, तेलकट पट्टा. पायथ्याशी नारळ.

"पूस की," ती म्हणाली. "उभा कामून? खिशात चिंधी हाय ना तुझ्या?"

मामा म्हणाले, "पाटलीणबाई, हा तुमच्याच भिंतीतला पिंपळ हाय. तुमीच सांगितलं व्हतं, काढून न्हे म्हनून."

"म्हनूनच आले. वळखीचा हाय."

टपरीवरची माणसं हसली. कावेराबाई हसली नाही. मग मला दिसलं, तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"लेक अडलीय. राती परभनीला न्हेली. डॉक्टर म्हनतोय पोट फाडावं लागंल. मी तितं जाऊन काय करू? मला तर आत बी घेनार न्हाईत."

टपरीवरून कोणीतरी म्हणालं, "काकू, काळजी करू नका. लेकरू सुखरूप घरी येऊ द्या, हितं पार बांधू. वर्गणी काढू."

पार म्हटल्यावर मी मामांकडं बघितलं. हात खिशाकडं गेलेला होता. पार म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेंदूर अजून ओला होता, एका हातात निघाला असता.

मामांनी खिशातून हात काढला, रिकामा. "बस आली," ते म्हणाले. "उठा. डॉक्टर फाडा म्हनला तर फाडू द्या. न्हाई म्हनू नका. माझ्या पोरीला, शांताला बी सुईनंच वाचवलं." त्यांनी तिची पिशवी उचलली आणि बसच्या पायरीवर ठेवली. परभणीची बस गेली. मागून माझी आली, मीही गेले. शाळेत दिवसभर मुलांना पाढे म्हणायला लावून मी मनातल्या मनात मामांवर रागावत होते. एवढी वर्षं माझं राकेल नेलं, आणि ऐन वेळी हात रिकामा!

संध्याकाळी उतरले तर मामा झाडाखालीच. शेंदूर सुकून गडद झाला होता. आम्ही गावाकडं चालू लागलो.

"पुसला नाहीत," मी म्हणाले.

"न्हाई."

"आता पार होईल."

"व्हईल."

थोडं चालल्यावर ते आपणहून बोलू लागले. "शांताला टायफाईड झाला व्हता ना, लहानपनी. तवा आमच्या अनुसयानं मला चोरून विहिरीवरल्या पिंपळाला शेंदूर लावला. मला कळलं. दीक्षा घेताना हात वर करून बोललो व्हतो दोघं, देवाधर्माचं काय करनार न्हाई म्हनून. मी तडक गेलो आन पुसला. तिच्यासमोर पुसला."

"चुकलं काय त्यात? पोरगी औषधानं बरी झाली."

"तेच तर. मी खरा ठरलो. पोरगी आज नांदेडला नर्स हाय. पन त्या वक्ताला मी पळायलो व्हतो. डॉक्टर आनायचा, औषध आनायचं, बरफ आनायचा. मला काम व्हतं. ती नुसती उशाला बसून व्हती. तिच्या हाताला तेवढंच एक काम व्हतं, बाई. ते मी पुसून टाकलं."

"भांडल्या का मामी?"

"भांडली असती तर बरं व्हतं. कवाच काय म्हनली न्हाई. मरस्तोवर मला काय मागितलं बी न्हाई. लुगडं बी न्हाई."

मामी जाऊन चार पावसाळे झाले होते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

वाड्याच्या तोंडाशी मामा थांबले. "पुसनं आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. पन सावली जाऊ द्यायची न्हाई. बसायचं काम आता तुमच्याकडं लागलं."

"म्हणजे?"

"उद्या तुमी तितंच बसा. शेंदराशेजारी. रोजच्यासारखं."

"आणि कोणी ऊठ म्हणालं तर?"

"मग उठू नका," असं म्हणून ते आपल्या एक लांब, एक आखूड टांगांनी घरी गेले. एवढी सोपी युक्ती आम्हाला इतकी वर्षं सुचली नव्हती, आणि सोपी ती ऐकायलाच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आवरलं आणि नऊच्या आधीच फाट्यावर गेले. पिंपळाखाली कोणीच बसलेलं नव्हतं. माणसं टपरीच्या पत्र्याखाली उभी होती, एकमेकांकडं बघत, म्हणजे एका रात्रीत गोष्ट ठरत आली होती. मी गेले आणि बुंध्याला पाठ लावून बसले. पट्टा खांद्यापासून वीतभर. टपरीवरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला. एक जण दोन पावलं पुढं आला, खाकरला आणि "बाई," म्हणाला. मी वह्या काढून तपासायला घेतल्या. अक्षर मुलांचंच वाईट होतं की मला दिसत नव्हतं, कोण जाणे.

तेवढ्यात परभणीकडून बस आली. कावेराबाई उतरली, रात्रभर न झोपलेली, पदर कसातरी घेतलेला. ती सरळ झाडाकडं आली. त्या माणसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या पाठीमागच्या शेंदराकडं पाहिलं.

"पोट फाडलं," ती म्हणाली. "पोरगी झाली. दोघी हायेत."

मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरक की जरा, बाई. पाय गेलेत माझे."

मी सरकले.