निघालोच

आइस्क्रीमच्या दुकानामागच्या शीतखोलीचं जाड दार धाडकन बंद झालं आणि निघालोच आतच राहिला.

दुकानमालकाचं हे नाव गल्लीनंच पाडलं होतं. फोनवर तो कायम ‘निघालोच!’ म्हणे, मग तेव्हा अंघोळीला बसलेला का असेना. दाराची आतली कडी महिनाभर तुटलेली होती. दुरुस्तीवाला दिलेल्या वेळी येई आणि बंद दुकान बघून शिव्या घालत परत जाई.

निघालोचनं दाराला लाथ मारली, खांदा लावला. दार ढिम्म! तोंडातून वाफ निघताना दिसली. घाईघाईनं त्यानं बायकोला फोन लावला.

“अगं, मी शीतखोलीत अडकलोय!”

“बाबा केव्हाचे ताटकळलेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं ना त्यांना?”

“देवाशपथ अडकलोय! गारठून मरेन गं!”

“मागे लिफ्टमध्ये अडकला होतात. एकमजली बिल्डिंगच्या!”

एवढ्यात फोननं मान टाकली.

आता मात्र त्याची बोबडी वळली. शोधायला येणार कोण? रात्र झाली तरी घरचे म्हणतील, येईल सावकाश. उद्या दुकान उघडलं नाही, तरी गिऱ्हाइकांना नवल वाटणार नव्हतं. पाय बधिर होत चालले. पिस्त्याच्या डब्यांपुढे उभा राहून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

अचानक दार उघडलं. दारात सासरे! रेडिओवर बातम्या वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. उशीर हा शब्द त्यांनी फक्त वाचला होता.

“अडकलाय म्हणे! माझ्या लेकीला थापा मारतोस?” काठी उगारून ते तरातरा आत शिरले.

“बाबा, दार! दार धरा!”

धाडकन!

“तुमचा फोन?” जावयानं रडवेल्या आवाजात विचारलं.

“मी ठेवत नाही. वेळेवर पोचणाऱ्याला फोन कशाला लागतो?”

पण थोड्याच वेळात म्हाताऱ्याचे दात वाजू लागले. जावयानं अंगातला शर्ट काढून त्यांच्याभोवती गुंडाळला, रिकामी पोती पांघरली, तळवे चोळले.

“जावईबापू,” सासरे पुटपुटले, “मरतोय का रे आपण?” मग घड्याळाकडे बघून हळहळले, “चहाची वेळ टळली माझी.”

“चहा कसला सुचतोय, बाबा!”

तोच बाहेर गलका झाला. दार उघडलं. बायको, सासूबाई, अर्धी गल्ली आणि दोन पोलीस!

“चहाला पाच मिनिटं उशीर!” सासूबाईंनी हंबरडा फोडला. “लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं हो! म्हटलं, घात झाला!”

लेकीनं बाबांना शालीत लपेटून बाहेर नेलं. जाता जाता तिची नजर मागं, उघड्यानं कुडकुडणाऱ्या नवऱ्यावर गेली आणि ती दचकलीच.

“अगंबाई! तुम्हीपण इथंच होतात?”