साळवे सरांचं कागदी दार

आमच्या पुंडलिकनगरात बैठकीला कागदाचं दार लावलेला माणूस एकच, साळवे सर. आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले, मुलीकडं जपानला सहा महिने राहिले आणि हे खूळ घेऊन आले. पट्ट्या स्वतः तासल्या, वर पांढरा कागद ताणून चिकटवला. मांजरीनं फाडला की त्या जागी कागदाचंच फूल कापून लावायचे. "फेकायचं नाय, सांधायचं," हे त्यांचं पालुपद. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि ते दार.

माझं कूलरचं दुकान, हातगाडीपासून उभं केलेलं. आणि हा माणूस ऐन मे महिन्यात गल्लीतल्या बायकांना सांगत फिरायचा, "कूलर कशाला? खिडकीला वाळ्याचा पडदा बांधा, सांजच्याला दारात पाणी शिंपडा. जपानी लोक हेच करतात." माझी आई जन्मभर सडा टाकत होती, तिला कुणी जपानी म्हटलं नाही. माझी हातची गिऱ्हाइकं गेली. भांडायला गेलो तर म्हणाले, "शेठ, इतकं तापू नका. तुम्हालाच कूलर लागंल."

यंदा तेच दुकानात आले. मोठा कूलर मागितला. मी मुद्दाम चढा भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही, तेव्हाच मला खटकलं.

"नात येतीय," म्हणाले. "तिला इथला उन्हाळा सोसत नाय. लावून बघतो आधी."

आठवड्यात फोन आला, "घेऊन जा." माझं डोकंच फिरलं. विकलेला माल मी परत घेत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. तेच सुनवायला गेलो.

कूलर बंद होता. त्याच्या ओल्या हवेनं दाराचा कागद पार लोंबला होता.

"नवा कागद लावा, सर. माल परत होत नाय."

"नात येत नाय आता. पोरीची सुट्टी रद्द झाली."

"मग पुढच्या साली येईल. राहू द्या कूलर."

ते दारापाशी खाली बसले. कागदावर जागोजाग फुलं होती, पण गुडघ्याच्या उंचीवर बोटाएवढं एक भोक उघडंच होतं. ओलीनं त्याची कड चिरत चालली होती.

"हे सांधायचं राहिलं व्हय?"

"ते तिचं बोट हाय," सर म्हणाले. "मागं आली तेव्हा घातलेलं. पलीकडून मला बघत होती."

मी टेम्पो बोलावला. कूलर उचलून बाहेर काढला. सर त्या चिरीवर हलकेच फुंकर घालत होते, वाळावी म्हणून.

अंगणात बादली भरलेली तशीच होती. सडा राहिला होता. दोन तांबे मीच शिंपडले, दारापासून लांब.