पालकाची जुडी आणि विमानाची जागा

"भाव उतरेल," जुडीकाका म्हणाले आणि मुलाच्या हातातला फोन काढून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसली होती. फोनमध्ये विमानाची चार तिकिटं तयार होती आणि मुलाचा अंगठा त्यांच्यापासून बोटभर लांब होता. काकांनी वेळेवर हात घातला नसता तर ओळखपत्रांचे नंबर टाकून खरेदी होऊन गेली असती. काका तीस वर्षं बाजारात भाजी विकत होते. जुडी बांधण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, म्हणून सगळा बाजार त्यांना जुडीकाका म्हणे. घरात हे नाव फक्त बायको वापरी, तेही रागावली की.

जायचं होतं मुलीकडे. ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. आठ महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि त्या नातीला या घरातल्या कोणी अजून हातात घेतलं नव्हतं. आगगाडीला दोन दिवस लागत आणि काकूंच्या कमरेला एवढं बसणं डॉक्टरांनी मना केलं होतं. सून शाळेत शिकवायची, तिला सुट्टी शाळा बंद झाली की मगच. मुलगा पोस्टाच्या खिडकीवर होता, त्यानं साहेबाच्या मिनतवाऱ्या करून त्याच दिवसांत रजा बसवली होती. सुट्टीच्या त्या दिवसांत सगळ्या जगालाच कुठे ना कुठे जायचं असतं. माणसं ठरली होती, तारीख ठरली होती, संध्याकाळी सहाचं विमानही ठरलं होतं. भाव तेवढा काकांना ठरवायचा होता.

काका कुठलीही रक्कम टोमॅटोच्या क्रेटमध्ये मोजत. त्यांनी मनात हिशेब केला. एका माणसाला दहा क्रेट.

"हे बघ," ते मुलाला म्हणाले, "विमान उडाल्यावर रिकामी राहिलेली जागा तो कोणाला विकणार? बाजार उठायच्या वेळचा पालक आहे तो. दुसऱ्या दिवशी गाय खाते. विमानाच्या जागेला तर गायही नाही."

सुनेनं हळूच विचारलं की सुट्टीत सगळ्याच जागा भरल्या तर काय. काका हसले. बाजार उठताना कुठल्याही गाड्यावर चार जुड्या उरतातच, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. आणि आपल्याला तर चारच पाहिजेत.

तिकिटाला प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर लागतो, असं मुलगा मघाशी बोलून गेला होता. त्याचा अंगठा काकांच्या मनातून जाईना. हात धुताच त्यांनी कपाटातून आपलं कार्ड काढलं, बाजारातलं आपलं दुकान गाठलं आणि ते बटाट्याच्या पोत्याच्या तळाशी घालून ठेवलं. एकाचा कागद नसला की कोणाचंच तिकीट निघणार नाही, याची त्यांना खात्री होती. घर म्हणजे बांधलेली जुडी, त्यातली एक काडी वेगळी काढून बाकीची कशी विकणार? परत आले तेव्हा तिघं गप्प बसून होती. काकांना वाटलं, पटलं यांना.

आठवड्यानं भाव तेरा क्रेट झाला. काका म्हणाले, सकाळचा बाजार नेहमी चढाच असतो. पुढच्या आठवड्यात एकोणीस झाला, त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला कोथिंबिरीऐवजी मुळा दिला.

काकू नातीसाठी स्वेटर विणत होत्या. दर रविवारी मुलीचा फोन आला की त्या फोनमधल्या बाळाकडे नजर लावून बसत आणि फोन ठेवला की स्वेटर उसवायला घेत. मग चार टाके वाढवून पुन्हा पहिल्यापासून. बाळाला आजीच्या गाण्यानं जांभई येई. पण काकांनी बाजारातली आपली आरोळी दिली, "पालऽऽक ताजा, पालऽऽक", की ती दोन्ही हात आपटून खिदळे. दुसऱ्या कशालाही ती तशी हसत नसे. मुलगी विचारी, "बाबा, येताय ना नक्की?" काका म्हणत की येतोय, आणि कांदे बघायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जात. तिथे कांदे नव्हते. ते हसू फोनच्या काचेआडून न ऐकता मांडीवर घेऊन ऐकायचं, एवढं एकच त्यांना या जन्मी अजून घ्यायचं राहिलं होतं. आणि ते त्यांना योग्य भावात पाहिजे होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना चूक सापडली. चूक भावाची नव्हती, आपली होती.

"आपण रोज त्याच गावाचा भाव विचारतो," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला टोमॅटो पाहिजेत हे कळलं की मी तरी भाव कमी करतो का? शहाणं गिऱ्हाईक आधी काकडीला हात लावतं."

ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा उद्योग मग रोज संध्याकाळी सुरू झाला. ज्या गावात आपलं कोणी नाही अशा समुद्राकाठच्या एका गावाचं विमान मुलगा फोनवर शोधी. काका शेजारी बसून मोठ्यानं म्हणत की तिकडेच जाऊ, हवा चांगली आहे. हे फोनला ऐकू जावं अशी त्यांची इच्छा होती. पाच दिवसांत त्या गावातल्या हॉटेलवाल्यांनी मुलाच्या फोनवर रांग लावली. मुलीच्या गावाचा भाव सव्वीस क्रेट झाला.

आता काकांना झोप लागेना. भावाइतकीच काकूंची काळजी होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत रेशमाच्या लडीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत कुठल्याही खरेदीवर त्या भांडल्याशिवाय राहिल्या नव्हत्या. या वेळी एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट बॅगा भरत होत्या. काकांचे दोन सदरेही त्यांनी घडी करून वर ठेवले. एवढा विश्वास बायकोनं त्यांच्यावर कधीच टाकला नव्हता.

निघायच्या दिवशी दुपारी काकांनी शेवटचा डाव सांगितला. विमानतळावरच जायचं. बाजार उठायच्या वेळेला गाड्यासमोर उभं राहायचं, माल स्वतः हाक मारतो. मुलानं सुनेकडे बघितलं, सुनेनं काकूंकडे. काकूंनी टॅक्सी बोलवायला सांगितली. काका दुकानात जाऊन पोत्याच्या तळातून कार्ड काढून आले. त्याला बटाट्याची माती लागली होती, ती त्यांनी तिघांसमोर बाहीनं पुसली.

विमानतळावर तपासणीच्या दारापाशी तिघांनी पिशवीतून कागद काढले. पहारेकऱ्यानं ते बघून तिघांना वाट दिली आणि काकांपुढे हात आडवा धरला.

काकांनी बायकोला विचारलं, "हे कसले कागद?"

"तिकिटं. आमची तिघांची."

"कधी घेतली?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही कार्ड पुरायला गेलात तेवढ्यात. दहा क्रेटला एक."

मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बुटाला नाडी नव्हती. सून सांगत राहिली की दुसऱ्या दिवशी बाबांचंही काढणार होतो, कार्डासाठी कपाट तीनदा रिकामं केलं, बटाट्यात बघायचं सुचलं नाही.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर परत करायला लावली असतीत," काकू म्हणाल्या. "आणि रोज तुम्हीच म्हणत होता, उद्या उतरेल. म्हटलं, एकाचं तरी स्वस्तात येऊ दे."

"आणि नाही उतरला तर? मला टाकून जाणार होतीस?"

काकूंनी हातातली पिशवी नीट धरली. "एक सांगा. शेवटची चार लिंबं उरली असली आणि घरी पाहुणे आलेत म्हणत एखादी बाई धावत आली, तर तुम्ही तिला ती कितीला देता?"

काका ती दुपटीनं देत, आणि तराजू काकूच धरीत.

"पोरगी मोठी होतेय," काकू म्हणाल्या. "ती काही भाव उतरायची वाट बघत नाही. जा, त्या खिडकीवर तिकीट मिळतंय. पाऊण तास आहे."

खिडकीवरच्या मुलीनं संगणकात बघून सांगितलं की तीन जागा आहेत, शेवटच्या ओळीत. तिनं आकडा सांगितला. काकांनी मोजला. पस्तीस क्रेट. तीस वर्षांची सवय तोंडावर आली. ते म्हणाले की इतकं काही अडलेलं नाही, समुद्राकाठच्या गावाला काय पडेल?

मुलगी तत्पर होती. "तिकडे जागा आहेत, काका. सहा वाजून दहा मिनिटांनी. स्वस्त आहे. काढून देऊ?"

"नको, नको," काका घाईनं म्हणाले. मग पाठ फिरवून दाराकडे चालू लागले. सावकाश, जसं गिऱ्हाईक जातं तसं. सातव्या पावलाला ते स्वतः नेहमी हाक मारत, बरं या, तुमचं नाही माझं नाही. त्यांनी सात पावलं मोजली. आठ. दहा. बाराव्या पावलाला दार आलं आणि आपोआप उघडलं. मागे कोणी हाक मारली नाही.

ते परतले तेव्हा खिडकीवर एक टक्कल पडलेला माणूस तिकीट घेत होता. त्यानं भाव विचारलासुद्धा नाही.

"आता दोनच राहिल्या," मुलगी म्हणाली. "चाळीस." तिनं अर्थात वेगळा आकडा सांगितला, पण काकांना चाळीस क्रेट दिसले, एकावर एक रचलेले. दाराकडे जाऊन येण्याचेच पाच क्रेट पडले होते. त्यांनी पैसे दिले.

तपासणी झाली, धावपळ झाली, एक चप्पल हातात आली. काका विमानात शिरले. शेवटच्या ओळीत खिडकीपाशी त्यांची जागा होती आणि कडेला तो टक्कलवाला बसला होता. मधली जागा रिकामी होती.

दार बंद व्हायची वेळ झाली तरी ती रिकामीच. काका तिच्याकडे बघत राहिले. पस्तीस क्रेट दिलेला माणूस डोळे मिटून पडला होता. विमानातली बाई पट्टे तपासत आली, तशी काका तिला अजिजीनं म्हणाले, "अजून वेळ आहे. दारात कोणी असेल तर निम्म्यात देऊन टाका. वाया जाईल."

"काका, पट्टा बांधा," ती म्हणाली.

ती पुढे सरकली तोच तिच्यामागून काकू आल्या. एका हातात स्वेटरची पिशवी, दुसऱ्या हातानं खुर्च्यांचा आधार. त्यांनी बाईला काहीतरी विचारलं, बाईनं मान हलवली. टक्कलवाला पाय आवरून बसला आणि काकू मधल्या जागेवर टेकल्या.

"तुमचंच खरं झालं," त्या म्हणाल्या. "शेवटी उतरला भाव."

"कितीला दिली?"

"फुकट."

काकांनी पहिल्यांदा श्वास सोडला. काकूंनी सुया काढल्या आणि लोकरीचा गुंडा त्यांच्या हातात दिला. एक बाही राहिली होती. विमान हललं, जड आवाज करत धावू लागलं. काकांनी गुंडा घट्ट धरला आणि मान उंचावून पुढच्या ओळींकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "म्हणजे पुढची तुझी वाया गेली की."