तुस्कानो सरांचं वल्हं

तुस्कानो सर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचा फोन बघतात. लिफ्टमध्ये भेटले तर नमस्कार नाही, एकदम "अँड्रॉइड कितवा?" आमच्या बोळिंजच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की सेक्रेटरी म्हणून मी त्याची कागदपत्रं तपासते आणि सर त्याचा लॅपटॉप. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात लोकांचे फोन मागून घेतात. फादरांचाही सुटलेला नाही.

याचं कारण 'वल्हं'. सर आणि अर्नाळ्याचे वैती सर पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असताना दोघांनी मिळून केलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आज्ञा सगळ्या मराठीत: जा, वळ, थांब. त्या लिहिल्या की पडद्यावर चित्र उमटतं. वैती सर हल्ली आजारी असतात, त्यामुळे वल्ह्याचा सगळा भार आता तुस्कानो सरांवर. वल्हं लिहायला आणि चालवायला एक ॲप करायचं आणि ते प्रत्येक यंत्रावर चालवायचं, हा त्यांचा ध्यास.

"पण सर, वापरणारे किती?" मी एकदा विचारलं.

"ते सोडा. सगळीकडे चाललं पाहिजे!"

एकदा त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातल्या जुनाट कॉम्प्युटरवर चाचणी घेतली. सकाळी आमचे खजिनदार टँकरची नोटीस छापायला बसले, तर पडद्यावर एक होडी गोल गोल फिरतेय. व्हायरस समजून त्यांनी वायर उपटली आणि वर टॉवेल टाकला. सर मात्र खूश. "म्हणजे जुन्या विंडोजवर चालतंय!"

शेवटी ते माझ्याकडे आले. "सेक्रेटरीबाई, तुम्ही याद्या करता. मला प्लॅन करून द्या. या महिन्यात व्हायलाच हवं."

कंपनीत मी वर्षानुवर्षं कामांची वेळापत्रकंच आखते. एका संध्याकाळी तक्ता तयार केला. पहिला टप्पा विंडोज. फोन दिवाळीनंतर. टॅब पुढच्या वर्षी.

सरांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. "टप्पे नकोत. सगळं एकदम."

"एकट्या माणसाला झेपणार नाही, सर. वापरणाऱ्यांची नावं द्या. कोणाकडे काय आहे ते बघू आणि तेवढंच करू."

"नाव एकच आहे," सर म्हणाले. "चला अर्नाळ्याला."

रिक्षात त्यांनी मोजकंच सांगितलं. गेल्या वर्षी वैती सरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्याआधी तीस वर्षं दोघांचा एक खेळ होता. एका दिवशी एकाने वल्ह्यात प्रोग्रॅम लिहून पाठवायचा, त्यात मुद्दाम एक चूक ठेवायची आणि दुसऱ्याने ती शोधायची. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. झटका आला, मागोमाग वैती सरांचा कॉम्प्युटर खाऱ्या हवेने बंद पडला आणि खेळ थांबला.

वैती सरांच्या पत्नीने दार उघडलं. "भाऊ, आज लॅपटॉप नाय. सून कामाला घेऊन गेली. टॅब नातीच्या क्लासला. पानी आनू?"

मी पिशवीतला तक्ता पिशवीतच ठेवला. या घरात ज्या दिवशी जे यंत्र मोकळं असेल, तेच वैती सरांच्या वाट्याला येणार होतं. त्या दिवशी मोकळा होता फक्त वहिनींचा काच तडकलेला फोन.

सरांनी अर्धवट झालेलं ॲप त्यात टाकलं आणि फोन वैती सरांच्या डाव्या हातात दिला. अक्षरं मुंगीएवढी. अंगठा थांबत थांबत चालत होता. चार ओळींना पाव तास लागला. मग पडद्यावर होडी उमटू लागली. पण तिचं टोक वर वळायच्या ऐवजी सरळ पडद्याबाहेर निघून गेलं.

"वैत्या, लबाडा!" सर ओरडले. "तिसऱ्या ओळीतलं 'वळ' खाल्लंस! मुद्दाम ना?"

वैती सरांचा अर्धा चेहरा हसला.

"वरसात पयल्यांदा," वहिनी हळूच म्हणाल्या.

तुस्कानो सर खिडकीकडे वळले. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "सेक्रेटरीबाई, लिहून घ्या. अक्षरं मोठी करायची."

मी पेन काढलं. "कधीपर्यंत?"

"उद्या सकाळपर्यंत. आता पाळी माझी आहे."